मनाचा आजार : औषध आणि दिनचर्या



ताप आला तर आपण तो लपवीत नाही. मनाला आजार जडला, म्हणजे मात्र घराचे दार लोटून घेतो. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या भागांत अनेकांच्या घरची भाषा मराठी आणि कचेरीची कन्नड. त्यामुळे दवाखान्यात मन मोकळे करणे अधिकच अवघड जाते. परंतु मोठे शब्द लागत नाहीत. 'झोप लागत नाही, कशातच मन रमत नाही, जगणे नकोसे वाटते' एवढे सांगितले तरी पुरे.

असे उपचार मोठ्या शहरातच मिळतात, ही समजूत आता सोडावी. बेंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेने १९८५ पासून बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना प्रशिक्षण दिले व मोजकी आवश्यक औषधे तेथेच उपलब्ध केली. १९९६ साली देशात सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम याच अनुभवावर उभा राहिला.

औषधाविषयी एक गोष्ट ध्यानी धरावी. उदासीनतेवरील गोळीचा गुण येण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. कोणी आठ दिवसांतच ती टाकून देतो, तर कोणी बरे वाटताच बंद करतो; आणि ऐन पेरणीच्या दिवसांत आजार पुन्हा उलटतो. बरे वाटल्यानंतरही निदान सहा महिने, डॉक्टर सांगतील तोपर्यंत, गोळी चालू ठेवावी. या गोळीचे व्यसन लागत नाही. सवय लागण्याचा धोका झोपेच्या काही गोळ्यांचा असतो. त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. शेजाऱ्याची गोळीही घेऊ नये.

श्रीक्षेत्र गाणगापूरला दुरून दुरून लोक पीडा निवारणासाठी येतात. श्रद्धा सोडा, असे माझे म्हणणे नाही. भीमा-अमरजा संगमावर स्नान अवश्य करावे. मात्र गोळ्यांची पुडी बरोबर न्यावी.

औषधाला दिनचर्येची जोड हवी. झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी. रोज अर्धा तास चालावे, वेळेवर जेवावे, सायंकाळनंतर चहा टाळावा. दारूने दुःख बुडत नाही, झोप मात्र मोडते. कर्जाची वा नापिकीची चिंता एकट्याने वाहू नये. तुरीवर फवारावयाचे औषध कुलुपात ठेवावे. संकटाची एक घटका टळली, तर माणूस वाचतो.

शिक्षकांनी एकाएकी अबोल झालेल्या मुलाची आस्थेने चौकशी करावी. रुग्णाला साखळीने बांधणे २०१७ च्या कायद्याने निषिद्ध आहे, आणि शासकीय आरोग्य सेवेत उपचार मिळणे हा त्याचा हक्क आहे, हे अधिकाऱ्यांनी गावोगाव सांगावे. ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' सेवा विनामूल्य मिळते. तेथे कन्नडप्रमाणे मराठीतही बोलता येते.

मनाचा आजार हा कलंक नव्हे, आजारच होय. तो सांगण्यास पहिला शब्द लागतो, आणि ऐकण्यास एक माणूस. ते माणूस आपण व्हावे, एवढीच विनंती.