खर्च कमी करू या, पण कोणाचा?

(बचत गटांच्या मेळाव्यात केलेले भाषण)

गटाच्या धंद्यातला खर्च कसा कमी करायचा, यावर मला बोलायचं आहे. काटकसर बाईला शिकवावी लागत नाही. घरात कमी पडलं की ती आधी स्वतःच्या ताटातली भाकरी कमी करते. धंद्यातही आपण तेच करतो. खर्च वाढला की आधी स्वतःची मजुरी सोडतो. ही सवय मोडायला हवी.

आमचा गट थालीपिठाची भाजणी करतो. डाळी महागल्या तेव्हा बैठकीत सूचना आली, "आपण घरच्याच तर बाया, चार महिने मजुरी घेऊ नये." ज्यांच्या घरी दुसरी कमाई होती त्यांनी माना डोलावल्या. एक एकटी राहणारी बाई मात्र म्हणाली, "माझी चूल याच पैशावर पेटते." मग आम्ही वही उघडली.

तुम्हीही मांडून बघा. सोपे आकडे धरू. 10 किलो भाजणीला 11 किलो धान्य लागतं, कारण निवडताना, भाजताना, दळताना घट येते. 90 रुपये किलोने 990 झाले. गॅस 60, दळण 100, पिशव्या 75, जाण्यायेण्याचे 75. एकूण 1300. विक्री 200 रुपये किलोने 2000. म्हणजे 700 रुपये नफा! आता तिघींचे पाच-पाच तास धरा. तासाला 50 रुपये म्हटले तरी 750 होतात. म्हणजे नफा नाहीच, 50 रुपये तोटा आहे. तो तोटा आपण आपल्या घामाने बुजवतो आणि त्याला नफा म्हणतो.

मजुरी हा खर्च आहे, हे काही नवीन नाही. 1959 साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी 80 रुपये उसने घेऊन लिज्जत पापड सुरू केला. तिथे लाटणाऱ्या बहिणीला किलोमागे 'वणाई' मिळते. पापडाची किंमत ठरते ती वणाई धरून.

मग कात्री लावायची कुठे?

पहिली, उधारीवर. दुकानदार उधार देतो तेव्हा व्याज भावातच लावतो. गिरणगावात कामगारांना जेवण देणाऱ्या खानावळवाल्या बायांची कमाई अशीच वाण्याच्या आणि सावकाराच्या घरी जात होती. प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्या बायांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्यांचं काम तेच राहिलं, सुटला तो व्याजाचा फास. आपल्या गटाची बचत अंतर्गत कर्जात फिरते, तिचा काही भाग धान्य रोखीने घ्यायला ठेवा.

दुसरी, खरेदीवर. ज्वारी-हरभरा सुगीत, फेब्रुवारी-मार्चला घ्या. तीन-चार गटांनी मिळून घेतलं तर पोतं थेट शेतकऱ्याकडून येतं, टेम्पोचं भाडंही वाटलं जातं. पण ऊन दाखवून, कोरड्या डब्यात भरा. कीड लागली तर वाचवलेलं सगळं गेलं.

तिसरी, इंधनावर. रोज थोडं भाजण्यापेक्षा आठवड्याचं एका दिवशी भाजा. जाड कढई एकदा तापली की पुढचे घाणे कमी गॅसमध्ये होतात. दळणही एकदम नेलं तर गिरणीवाल्याशी दर ठरवता येतो.

चौथी, येणं थकण्यावर. माल नेऊन दोन महिन्यांनी पैसे देणारा आपल्याच पैशावर धंदा करत असतो. ओळखीचा असला तरी तारीख लिहून घ्या.

यातून किलोमागे 10 रुपये वाचले, तर 50 रुपयांचा तोटा जाऊन 50 रुपये शिल्लक पडतात, आणि मजुरीला हात लागत नाही. तरीही भागत नसेल तर भाव वाढवा. गिऱ्हाईक म्हणेल, "घरगुतीच तर आहे, एवढं महाग?" घरगुती म्हणजे फुकट नव्हे, हे आपणच सांगायचं आहे.

आमच्या गटाने ती सूचना नामंजूर केली. आता वहीत धान्य, गॅस, दळण यांच्या रांगेत तासांचा रकाना आहे. तो सगळ्यात आधी भरतो. तुमच्या वहीत नसेल, तर आज घरी गेल्यावर तो आखा. पुढच्या बैठकीत मोठ्याने वाचून दाखवा, आणि मगच खर्चाची चर्चा सुरू करा.