पाण्यात उतरायचं, पण कुठं?

(आमच्या गटाच्या वार्षिक शिबिरात दुसऱ्या दिवशी केलेलं भाषण. थोडं संक्षिप्त करून.)



काल चहाच्या वेळी एकीनं मला विचारलं, "पोटगी झाली, रेशन झालं, कामाच्या जागी होणारा त्रास झाला. आता हे समुद्रात बुडी मारायचं खूळ मध्येच कुठून आलं?" प्रश्न रास्त आहे, म्हणून त्यापासूनच सुरुवात करते.

आपल्या गटातल्या अकरा जणींनी दोन वर्षं भिशी लावली. पैसे सहलीसाठी होते. या वेळी देवदर्शन नको, हिल स्टेशन नको, आपण स्कूबा डायव्हिंग शिकू, असं त्यांच्यातल्याच तिघींनी सुचवलं आणि बाकीच्यांनी हो म्हटलं. आता अडलंय ते कुठे शिकायचं यावर. कुणाला मालवण जवळचं वाटतं, कुणाला अंदमानचे फोटो आवडलेत. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी हे शिकले, म्हणून चार गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आलं. पोहण्यात बक्षिसं वगैरे मिळवलेली मी नाही. गुडघे दुखणारी, नोकरी करणारी बाई आहे.

आधी पाण्याविषयी. आपल्याकडे बाईचं आणि पाण्याचं नातं काय असतं? पाणी भरायचं, धुणं धुवायचं, भांडी घासायची. गावात मुलगे विहिरीत सूर मारतात आणि मुली काठावर हंडा घेऊन उभ्या राहतात. आणि बाईनं विहीर जवळ केली असं कुणी म्हणालं, तर पुढचं सांगावं लागत नाही. अशी नावं आपल्यातल्या प्रत्येकीला ठाऊक आहेत. त्या पाण्यात मजेसाठी, शिकण्यासाठी, आपल्या मर्जीनं उतरायचं, ही मला मुळीच हलकी गोष्ट वाटत नाही.

शिवाय बायका पाण्याखाली नव्यानं जाताहेत असंही नाही. दक्षिण कोरियातल्या जेजू बेटावरच्या हेन्यो बायका सिलिंडर न लावता, श्वास रोखून तळाशी जातात आणि शिंपले, शेवाळ काढून आणतात. सत्तरी ओलांडलेल्या बायकासुद्धा हे काम करतात. २०१६ साली युनेस्कोनं या परंपरेला वारशाच्या यादीत घेतलं. आपल्या तमिळनाडूत, मन्नारच्या आखातात, मच्छीमार बायका अशाच बुड्या मारून समुद्रशेवाळ गोळा करतात. १९८६ मध्ये तिथं सागरी राष्ट्रीय उद्यान झालं आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या या रोजगारावर निर्बंध आले. तेव्हा या बायका संघटित झाल्या. त्यांच्यातल्या लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली सीकॉलॉजी पारितोषिक मिळालं. तर समुद्राचा तळ बाईला परका नाही. आपण सुट्टीत जाऊन जे करणार आहोत, ते त्या पोटासाठी करतात, एवढं लक्षात ठेवू.

आता मुद्द्यावर येते. ठिकाण निवडण्याआधी एक फरक समजून घ्या. "स्कूबा केलं" म्हणून लोक दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. एक असतं दाखवण्यापुरतं. सकाळी जायचं, दहा मिनिटं सूचना ऐकायच्या, मग एक माणूस पाठीमागून तुमचं सिलिंडर धरून तुम्हाला खाली नेतो, मासे दाखवतो, फोटो काढतो आणि वर आणतो. मी पहिल्यांदा हेच केलं. हवा किती उरली ते तो बघत होता. किती खोल जायचं ते तो ठरवत होता. मला कान दुखतोय हे सांगायची खूणसुद्धा शिकवली नव्हती. फोटो मात्र छान आले.

दुसरं म्हणजे खरं शिक्षण. त्याला साधारण तीन-चार दिवस लागतात. पाडी या संस्थेचा 'ओपन वॉटर' हा पहिला कोर्स सगळ्यांत प्रचलित आहे. त्यात थोडा अभ्यास असतो, मग तलावात किंवा उथळ शांत पाण्यात सराव, आणि शेवटी समुद्रात चार बुड्या. तो झाला की १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर जाता येतं. मुखवट्यात पाणी शिरलं तर आतल्या आत ते बाहेर कसं काढायचं, तोंडातली नळी सुटली तर ती कशी शोधायची, जोडीदारणीची हवा संपली तर आपल्या हवेवर तिला वर कसं आणायचं, हे सगळं पुन्हा पुन्हा करून घेतात. दहा मीटर खाली पाण्याचा दाब वरच्या दुप्पट होतो. तिथं घेतलेली हवा वर येताना छातीत फुगते, म्हणून श्वास कधीही रोखायचा नाही, हा पहिला नियम. कारण समजलं की नियम ओझं वाटत नाही.

आणि त्यातली एक गोष्ट आपल्यासाठी फार मोलाची आहे. पाण्याखाली अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'छान' असा होत नाही, 'वर चला' असा होतो. ही खूण जोडीतल्या कुणीही, कधीही करावी. भीती वाटली, थंडी वाजली, नुसतं नको वाटलं, काहीही असो. मग दुसऱ्यानं वाद घालायचा नाही, कारण विचारायचं नाही, दोघांनी वर यायचं. 'नाही' म्हणजे 'नाही', हे आपण मोर्च्यात ओरडून सांगतो. तिथं ते पहिल्याच दिवशी शिकवतात.

म्हणून ठिकाणाविषयी माझा पहिला निकष हाच: तिथं आपल्याला शिकवणार आहेत की नुसतं फिरवून आणणार आहेत?

आता एकेक ठिकाण घेऊ.

मालवण-तारकर्ली सगळ्यांत जवळ. एसटीनं जाता येतं, भाषा आपली, जेवण आपलं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं पाणी उथळ आहे, पण गढूळपणा बऱ्याचदा असतो, चार-पाच मीटरपुढचं दिसलं तरी नशीब म्हणायचं. तिथं बहुतेक ठिकाणी मिळतं ते पहिल्या प्रकारचं, दाखवण्यापुरतं. पूर्ण कोर्स हवा असेल तर तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिथं आधी चौकशी करा. आणि बोटीत लाइफ जॅकेट मागून घ्या. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी पर्यटकांची बोट उलटली, दोन जीव गेले. आपण लाजून गप्प बसायचं नाही. जास्त माणसं भरली असतील तर बोटीत चढायचं नाही.

दुसरं नेत्राणी. कर्नाटकात मुरुडेश्वरहून बोटीनं तास-दीड तास. मुरुडेश्वर कोकण रेल्वेवर आहे, त्यामुळे विमानाचा खर्च वाचतो. पाणी मालवणपेक्षा पुष्कळ स्वच्छ. पण बेटावर उतरता येत नाही, सगळं बोटीवरच. कपडे बदलायचं, लघवीला जायचं, ते कसं, हे आधी विचारा. ज्यांना बस लागते त्यांना बोटही लागेल, त्याची गोळी डॉक्टरांना विचारून जवळ ठेवा.

तिसरं अंदमान. हॅवलॉक बेटाला २०१८ पासून स्वराज द्वीप म्हणतात, आणि पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. तिकीट काढताना दोन्ही नावं दिसतील, गोंधळू नका. विमानानं तिथवर आणि पुढे फेरी बोट. नवख्यांना शिकायला हे ठिकाण चांगलं, कारण पाणी स्वच्छ आणि कोमट, किनाऱ्याजवळ उथळ जागा आहेत, आणि शिकवणाऱ्या संस्था इतक्या आहेत की आपण निवड करू शकतो. जानेवारी ते मे हा काळ बरा. खर्च मोठा आहे. कोर्सची फी तीस हजारांच्या आगेमागे, त्यावर प्रवास आणि राहणं.

चौथं लक्षद्वीप. कोचीहून जहाज किंवा विमान. तिथं जायला परवाना लागतो, तो वेळेत काढावा लागतो. प्रवाळाच्या कड्यानं वेढलेलं शांत पाणी शिकायला उत्तम. पण आयत्या वेळी बेत बदलायला वाव कमी. वस्तीच्या बेटांवर मुस्लिम समाज आहे, तिथल्या रीतीचा मान ठेवून कपडे घालावेत.

पाचवं थायलंडमधलं को ताओ. जगभरचे लोक स्कूबा शिकायला तिथं जातात, म्हणून शाळा पुष्कळ आणि फीही बेताची. पण पासपोर्ट आपल्यातल्या चौघींकडेच आहे, आणि नवीन गोष्ट परक्या भाषेत शिकायची म्हणजे सूचना अर्धवट समजण्याचा धोका. पाण्यात अर्धवट समजणं परवडत नाही.

पावसाळ्यात आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हे सगळं बंद असतं. जूनमध्ये कुणी "चला, करवून देतो" म्हणालं तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

ठिकाण कुठलंही घेतलं तरी फोन करून हे प्रश्न विचारायचेच: शिकवणाऱ्याचं प्रमाणपत्र कुठलं आणि चालू आहे का? एकाच्या हाताखाली किती जणी? पाडीच्या नियमानं समुद्रात आठांहून जास्त नाहीत, मी म्हणेन चारच असाव्यात. शिकवणारी बाई आहे का? बोटीवर प्राणवायूचं सिलिंडर असतं का? दाबाच्या आजारावर उपचार करणारी जागा जवळात जवळ कुठे? कोर्स सोडावा लागला तर पैशाचं काय? जो या प्रश्नांनी वैतागतो, तो पाण्याखाली आपलं काय ऐकणार?

शिकवताना हात लावावा लागतो, पट्टे आवळावे लागतात. चांगला शिक्षक आधी सांगतो, मग हात लावतो. नको वाटलं तर तिथंच बोला, बरोबरीच्या जणीला सांगा. आपण अकरा जणी जाणार आहोत ते त्यासाठीच.

आता शरीराविषयी, कारण कुजबुज याचीच जास्त आहे. पाळीत पाण्यात गेलं तर चालतं. त्यानं शार्क येतात, ही नुसती समजूत आहे. पॅडऐवजी कप किंवा टॅम्पॉन सोयीचा. गरोदर असाल किंवा शंका असेल, तर मात्र जायचं नाही. गर्भावर दाबाचा काय परिणाम होईल याची कुणी हमी देत नाही. कोर्सआधी आजारांचा फॉर्म भरायचा असतो: दमा, हृदयविकार, फिट्स, कानाची शस्त्रक्रिया. पंचेचाळिशीपुढच्यांना रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचे आणखी प्रश्न असतात. तिथं खरं लिहा. 'हो' आलं तर डॉक्टरांची सही लागते, एवढंच. आणि सज्ञान बाईच्या फॉर्मवर सही तिची एकटीची असते. नवऱ्याची सही त्यावर कुठेही लागत नाही.

शेवटच्या बुडीनंतर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, म्हणून परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढा. तो दिवस किनाऱ्यावर नुसतं बसायला मिळेल. आपल्यातल्या काही जणींच्या आयुष्यातला तो तसा पहिलाच दिवस असेल.

आणखी एक. समुद्र हे सहलीचं मैदान नाही, ती कुणाची तरी उपजीविका आहे. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं तेव्हा तिथल्या मच्छीमारांचा विरोध होता, आणि आज त्यातलीच कित्येक घरं पर्यटनावर जगतात. समुद्राचं पाणी तापून लक्षद्वीपचे प्रवाळ १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ मध्ये पांढरे पडले. जे उरलंय त्याला हात लावायचा नाही, पाय द्यायचा नाही, आठवण म्हणून तुकडा उचलायचा नाही. प्रवाळावर नांगर टाकणारी बोट नाकारायची.

मग मी काय सुचवते? समुद्रातल्या चार बुड्यांसाठी अंदमान, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत. अभ्यास आणि तलावातला सराव काही संस्था शहरातच करून घेतात आणि उरलेलं दुसरीकडे पुरं करता येतं. तसं जमलं तर बेटावरचे दोन दिवस आणि त्यांचा खर्च वाचेल. ज्यांना तेवढे पैसे जमणार नाहीत, त्यांच्यासाठी भिशीतून वेगळी रक्कम काढू. तेही नको असेल त्या दोघी-तिघींसाठी नेत्राणी. कुणाला मागे ठेवून जायचं नाही.

पण त्याआधी एक अडचण आहे. कोर्सला २०० मीटर पोहणं आणि दहा मिनिटं तरंगणं यावं लागतं. वेगाची अट नाही, स्टाइलची नाही. तरी आपल्या अकरांपैकी सात जणींना पोहता येत नाही. का येत नाही? आपल्या नगरपालिकेच्या तलावावर बायकांची वेळ दुपारी दोन ते तीन. त्या वेळी नोकरीवाली येऊ शकत नाही, घरकाम करणारी येऊ शकत नाही, शाळेतली मुलगी येऊ शकत नाही. सकाळ आणि संध्याकाळ पुरुषांची. कर मात्र सगळ्यांचा सारखा घेतात.

तेव्हा अंदमानचं तिकीट नंतर. येत्या सोमवारी मुख्याधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं आहे: बायकांसाठी रोज संध्याकाळी एक तास आणि शिकवायला एक प्रशिक्षिका. मसुदा माझ्याजवळ आहे. जेवणाच्या सुट्टीत सह्या करा, आणि ज्यांना समुद्रात मुळीच जायचं नाही त्यांनीही करा. तलाव त्यांच्या मुलींनाही लागणार आहे.