मोटर घेताय, तर ब्रेकही घ्या

(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीत दिलेल्या माहितीचा मजकूर)



दूध, भाजी, मसाले पोचवायला आपल्यातल्या कितीतरी जणी सायकल वापरतात. आता पुढच्या चाकात मोटर बसवायला गटाकडे कर्जाची मागणी येऊ लागली आहे. चांगलं आहे, चढाला दम लागत नाही, फेऱ्या वाढतात. पण अर्जात मोटर, बॅटरी, चार्जर लिहिलेलं असतं आणि ब्रेक कुठंच नसतो. म्हणून आज ब्रेकचंच बोलू.

पायाने आपण ताशी १२ किलोमीटरच्या आसपास जातो, मोटरवर २४. वेग दुप्पट झाला की त्याच ब्रेकवर थांबायला अंतर चौपट लागतं. त्यात २० लिटर दूध म्हणजे २० किलोच्या वर वजन, कॅन वेगळाच. जुन्या सायकलचा दांडीचा ब्रेक लोखंडी रिमवर रबर दाबतो, आणि पावसात ओल्या रिमवर ते रबर नुसतं घसरतं. डिस्क ब्रेकची चकती रिमपासून लांब, चाकाच्या मधोमध असते. चिखलपाण्यातही ती पकड धरते.

पण डिस्क कुठल्याही सायकलला बसत नाही. आधी तीन गोष्टी बघा.

एक, चिमटा. त्याच्या डाव्या पायाला खालच्या बाजूला कॅलिपर बसवायचे दोन भोकांचे कान हवेत. साध्या चिमट्याला पट्टी वेल्ड करून घेऊ नका. ब्रेकचा सगळा जोर त्या एका पायावर येतो, पाय वाकतो किंवा वेल्ड सुटतो. कान असलेला लोखंडी चिमटाच बदलून घ्या.

दोन, मोटरचं झाकण. त्यावर डिस्कसाठी आटे पाडलेली सहा भोकं हवीत. नसतील तर ती मोटर डिस्कची नव्हे.

तीन, जागा. काही मोटरींचं झाकण फुगीर असतं, ते कॅलिपरला घासतं. विकत घेण्याआधी दुकानातच लावून बघा.

आता बसवायची रीत. १६० मिलिमीटरची, वायरवर चालणारी डिस्क घ्या. तेलाच्या ब्रेकपेक्षा ती गावात दुरुस्त करायला सोपी. डिस्कवर बाण असतो, तो चाक पुढे फिरतं त्या दिशेला ठेवा. सहा स्क्रू आधी हाताने लावा, मग एक सोडून समोरचा असे थोडे थोडे आवळा. एकच पूर्ण आवळला तर चकती वाकडी बसते.

चाक चिमट्यात पूर्ण आत बसवा आणि नट घट्ट करा. इथे घाई नको. मोटर चालली की आस उलटा फिरायला बघतो, आणि डिस्क दाबली की तो खाचेतून खाली निसटायला बघतो. म्हणून खाचेत अडकणारे वॉशर आणि आस धरून ठेवणारी पट्टी, म्हणजे टॉर्क आर्म, लावायचीच.

मग कॅलिपर सैल लावा, वायर जोडा, लिव्हर दाबून धरा आणि तसंच धरून कॅलिपरचे दोन्ही बोल्ट आवळा. सोडल्यावर चाक फिरवा. खर्र आवाज आला तर पुन्हा करा. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारी लिव्हर किटसोबत असेल तर तीच वापरा. नाहीतर एकीकडे मोटर ओढते, दुसरीकडे ब्रेक धरतो.

डिस्कला तेलाचा हात लावू नका. साखळीला तेल घालताना तिच्यावर फडकं धरा. तेल लागलं तर स्पिरिटने पुसा. पॅडवर मुरलं तर पॅड बदला. उतारावरून आल्यावर चकती चटका देण्याइतकी तापते, पोरांना हात लावू देऊ नका.

नवा ब्रेक पहिल्याच दिवशी पूर्ण धरत नाही. मोकळ्या रस्त्यावर, ओझं न लादता, वेग घेऊन हळूहळू थांबायचं, असं वीसेक वेळा करा. नेहमी मागचा आणि पुढचा ब्रेक मिळून दाबा. नुसता पुढचा करकचून दाबला तर आपण हँडलवरून पुढे जाऊ. वाळू, खडीवर तर पुढचा अगदी हलका. आठवड्याला आसाचे नट आणि डिस्कचे स्क्रू तपासा. पॅडचा थर एक मिलिमीटरवर आला की बदला.

शेवटचं, गटाच्या पदाधिकारी ताईंसाठी. मागणी आली की विचारा : चिमट्याला कान आहेत का? मोटरला सहा भोकं आहेत का? टॉर्क आर्म आणि ब्रेक कोटेशनमध्ये धरलाय का? एकाही प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असेल, तर कोटेशन बदलून आणायला सांगा. रक्कम थोडी वाढेल, हप्ता थोडा वाढेल. पण हप्ता फेडायचा तर ताई धडधाकट घरी पोचायला हवी. पुढच्या बैठकीत ठराव घ्या, ब्रेकशिवाय मोटरला कर्ज नाही.