ब्रेकचं रबर रिमपर्यंत पोचतं का?

शाळा सुरू झाल्या की घरोघरी मुलींच्या सायकली बाहेर निघतात. आपण हवा भरतो, चेनला तेल घालतो, घंटी वाजवून बघतो. ब्रेक मात्र एकदा दाबायचा आणि सोडून द्यायचा, एवढंच करतो. म्हणून आज ब्रेकबद्दल बोलू या.

आमच्या गटातल्या एका ताईंनी लेकीसाठी जुनी सायकल घेतली. पुढचं चाक वाकडं होतं, म्हणून दुसरं बसवलं. जुन्या चाकावर २६ लिहिलेलं, नव्यावरही २६च. पण आठ दिवसांत उतारावर टायर फुटलं आणि पोरगी पडली. गुडघा खरचटण्यावर निभावलं. बघितलं तर ब्रेकचं रबर रिमला लागतच नव्हतं, ते वर टायरला घासत होतं.

नंबर एकच, मग असं कसं? टायरच्या बाजूला बारीक आकडे असतात. एका टायरवर ३७-५९० होतं, दुसऱ्यावर ४७-५५९. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचं माप, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ५९० आणि ५५९ मध्ये ३१ मिलिमीटरचा फरक. म्हणजे ब्रेकपासून रिम जवळजवळ १५ मिलिमीटर खाली गेली. जुन्या ब्रेकचे हात तिथवर पोचेनात.

अशा वेळी लांब हातांचा वायर ब्रेक घ्यावा लागतो. दुकानात जाण्याआधी लेकीच्या कंपासपेटीतली पट्टी घ्या. ब्रेक ज्या बोल्टवर बसतो, त्या बोल्टच्या मध्यापासून सरळ खाली, रिमच्या बाजूच्या पट्टीच्या मध्यापर्यंत मोजा. पुढचं आणि मागचं, दोन्ही मोजा. ती सारखी असतीलच असं नाही. ब्रेकच्या हाताला खाली लांबट खाच असते, तिच्यात रबर वरखाली सरकतं. काही ब्रेक ४७ ते ५७ मिलिमीटरपर्यंत पोचतात, लांब हातांचे ५५ ते ७३ पर्यंत. तुमचं माप ६४ आलं, तर दुसरा घ्या. टायर जाड असेल, तर ते ब्रेकच्या कमानीतून मोकळं फिरतं का, हेही बघा.

पण गरजेपेक्षा लांब ब्रेक घेऊ नका. हात जितका लांब, तितकी रबराची पकड कमी आणि दांडी जास्त जोराने दाबावी लागते. लहान मुलीच्या बोटांना ते जड जातं.

आता बसवताना. आधी चाक फिरवून बघा. चाक डुलत असेल, तर आधी त्याचा आउट काढून घ्या. मग रबर रिमच्या पट्टीवर नेमकं आणा. वर टायरला लागलं, तर टायर कापलं जातं. खाली घसरलं, तर तारांत अडकतं आणि चाक जागीच थांबतं. काही रबरांची पत्र्याची खोबण एका टोकाला उघडी असते. तिचं बंद टोक पुढे, सायकल ज्या दिशेला जाते तिकडे हवं. उलटं बसवलं, तर ब्रेक दाबताच रबर निसटून जातं.

वायर आवळण्याआधी तिच्या टोकाची बारीक फिरकी पूर्ण आत फिरवा. मग दोन्ही बाजूंना रबर आणि रिममध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा ठेवून वायरचा नट घट्ट करा. दांडी दहा वेळा जोराने दाबा. नवी वायर थोडी सैल पडेलच. ती फिरकी बाहेर काढत ताणून घ्या. एकाच बाजूचं रबर घासत असेल, तर मधला नट थोडा सैल करून ब्रेक मध्यावर आणा आणि नट पुन्हा घट्ट करा.

शेवटी परीक्षा. दांडी पूर्ण दाबली तरी ती हँडलला टेकता कामा नये. सायकल हाताने पुढे ढकला आणि पुढचा ब्रेक दाबा. मागचं चाक उचललं गेलं पाहिजे. मागचा ब्रेक दाबला, की मागचं चाक फिरायचं थांबून फरफटलं पाहिजे. एवढं झालं, की मगच मुलीला बसू द्या.

रिमला आणि रबराला तेल कधीच लावू नका. लागलं, तर साबणाच्या पाण्याने धुवा. रबरावरच्या खाचा झिजून गेल्या किंवा वायरचा एखादा धागा तुटला, तर लगेच बदला. आणि पावसाळ्यात एक सांगून ठेवा: लोखंडी चकचकीत रिम ओली झाली, की ब्रेक उशिरा लागतो. उतार यायच्या आधीच दोन्ही ब्रेक हलके दाबत जायचं.

पुढच्या बैठकीला एक पट्टी आणि दोन पाने घेऊन या. सगळ्यांच्या सायकली अंगणात उभ्या करू आणि एकेकीचे ब्रेक मोजू. दुकानदार काम करील, पण ते बरोबर झालं की नाही, हे आपल्याला बघता आलं पाहिजे. उतारावर सायकलवर आपली लेक असते.