विजेचा फेरा

विजेचा दिवा लागतो म्हणजे नेमकें काय होतें, हें समजण्यास मोठ्या यंत्रशाळेंत जाण्याचें कारण नाहीं. बारीक तारेचा दिवा असलेली जुन्या पद्धतीची चोरबत्ती उघडून पाहिली तरी पुरे. दोन घट, एक दिवा, एक कळ व धातूची पट्टी एवढाच तिचा संसार. घटाच्या एका टोकापासून निघालेली वाट पट्टींतून, कळींतून व दिव्यांतून दुसऱ्या टोकास परत मिळते. या बंद वाटेस विद्युन्मंडल म्हणतात. वाट कोठेंही तुटली, कीं दिवा विझतो.

या वाटेनें वाहतें तें काय? धातूंत इलेक्ट्रॉन नांवाचे ऋणभारित कण मूळचेच भरलेले असतात. त्यांचा शोध जे. जे. टॉमसन यांनीं १८९७ सालीं लावला. घट हे कण निर्माण करीत नाहीं, केवळ लोटतो. नवरात्रांत अंबाबाईच्या देवळांतील प्रदक्षिणेचा मार्ग माणसांनीं पुरता भरला आहे, अशी कल्पना करावी. रेटा बसतांच सारें कडें हालूं लागतें, परंतु प्रत्येक जण मुंगीच्या पावलांनींच सरकतो. चोरबत्तीच्या पट्टींतील कणही एका सेकंदांत मिलिमीटरभरसुद्धां सरकत नाहींत. रेटा मात्र निमिषांत सर्वत्र पोंचतो. शिवाय जितके कण दिव्यांत शिरतात तितकेच बाहेर पडतात. दिवा प्रवाह खात नाहीं. घटाची शक्ति मात्र तेथें उष्णता व प्रकाश होऊन खर्ची पडते.

प्रवाह किती वाहील, याचा नियम जर्मन शास्त्रज्ञ ओहम यांनीं १८२७ सालीं प्रसिद्ध केला. दाबास रोधानें भागावें, म्हणजे प्रवाह मिळतो. दोन घटांचा दाब ३ व्होल्ट व पेटलेल्या दिव्याचा रोध १० ओहम असेल, तर प्रवाह ०.३ ॲम्पिअर होतो.

हाच हिशेब माणसाच्या जिवाशींही निगडित आहे. ओल्या अंगाचा रोध सुमारें १,००० ओहमपर्यंत उतरूं शकतो. चोरबत्तीचे ३ व्होल्ट त्यांतून ०.००३ ॲम्पिअरच लोटतील. घरांतील २३० व्होल्ट ०.२३ ॲम्पिअर लोटतील. हृदयाची क्रिया बिघडण्यास याच्या निम्म्याहून कमी प्रवाहही पुरतो. चोरबत्तीचा इवलासा दिवा ज्या प्रवाहावर पेटतो, त्याहून कमी प्रवाहानें माणूस दगावतो!

आतां पंचगंगेच्या कांठचा शेतकरी डोळ्यांपुढें आणावा. पावसाळ्यांत चिखलांत उभा राहून तो पंपाच्या मोटारीस हात लावतो. एकाच तारेवर बसलेल्या पांखरास बाधा होत नाहीं, कारण त्याच्या अंगांतून परतीची वाट नसते. शेतकऱ्याची गोष्ट निराळी. रोहित्राचें एक टोक जमिनींत पुरलेलें असतें. म्हणून मोटारीच्या आवरणांत वीज उतरली असेल, तर त्याचें अंग व ओली जमीन मिळून फेरा पुरा होतो. अर्थिंगची तार सुस्थितींत असेल, तर बहुतेक प्रवाह त्या सोप्या वाटेनें जातो व फ्यूज वितळून वाट तुटते. २०१९ व २०२१ सालच्या महापुरांत पाणी किती उंच चढतें, हें कोल्हापुरानें पाहिलें आहे. बुडालेली मोटार जाणकारानें तपासल्यावांचून चालूं करूं नये. पडलेल्या तारेजवळ जाऊं नये. कोणी विजेस चिकटला असल्यास त्यास हातानें ओढूं नये. आधीं मुख्य कळ बंद करावी. फेरा तुटला, कीं विजेचें बळ सरलें.