मृगजळ आणि नेमबाज



वैशाखातल्या दुपारी आपल्या शहरातून दौलताबादच्या रस्त्याने जो गेला असेल, त्याने पुढच्या डांबरावर पाणी लकाकताना पाहिलेच असेल. जवळ जावे तो ते आणखी पुढे सरकते. हेच मृगजळ. रस्त्यालगतची हवा तापून विरळ होते, वरची त्या मानाने दाट राहते. या थरांतून येताना प्रकाशाचा किरण वाकतो आणि आकाशाचे तेज आपल्याला जमिनीवर दिसते. डोळा खोटे बोलत नाही. प्रकाशाची वाटच वाकडी झालेली असते.

आता याच हवेतून ज्याला नेम धरायचा आहे, त्याची अडचण पाहा. पन्नास मीटरच्या रायफल स्पर्धेत दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा १०.४ मिलिमीटर. गोळी हे अंतर सेकंदाच्या सुमारे सहाव्या हिश्श्यात तोडते. एवढ्या वेळात वारा तो काय करणार, असे आपणांस वाटेल. पण उदबत्तीचा धूर कलावा इतपत आडवा वाराही गोळीला पाचेक मिलिमीटर ढकलतो. म्हणजे मध्यावर धरलेला नेम वर्तुळाच्या काठावर गेला! अंतर दुप्पट झाले, तर ही चूक दुपटीहून अधिक वाढते. त्यात उन्हाने काडतुसातली दारू तापते, गोळी अधिक वेगाने सुटते आणि विरळ हवा तिला कमी अडवते. म्हणून हिवाळ्यातल्या सकाळी बसवलेला लांब पल्ल्याचा नेम उन्हाळ्यातल्या दुपारी वर लागतो.

मग उपाय काय? मौज अशी की, जे मृगजळ हरणाला फसवते, तेच नेमबाजाला वाट दाखवते. दुर्बिणीची नजर लक्ष्याच्या थोडी अलीकडे लावली की तापल्या हवेच्या लाटा दिसू लागतात. त्या उजवीकडे वाहिल्या, तर वारा डावीकडून आहे. जितक्या आडव्या, तितका तो जोरात. मात्र त्या सरळ वर उकळू लागल्या की जाणता नेमबाज चापावरचे बोट सैल करतो. वारा एक तर थांबलेला असतो किंवा समोरून अथवा पाठीमागून येत असतो, आणि पुढच्या क्षणी तो कोणत्या बाजूला वळेल याचा नेम नसतो.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकच्या जागतिक स्पर्धेत, पन्नास मीटरवर पालथे पडून साठ गोळ्या झाडल्या आणि ६०० पैकी ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकले. साठ गोळ्यांत गमावले ते तीनच गुण! अशा मैदानावर दहा आणि तीस मीटरवर वाऱ्याची निशाणे लावलेली असतात. ती सर्वांना सारखीच दिसतात. पण प्रत्येक गोळीपूर्वी ती नव्याने वाचण्याचा धीर थोड्यांनाच असतो.

श्रोतेहो, घड्याळ पुढे सरकत असते, बोट चापावर असते, आणि तरीही थांबायचे असते. हात स्थिर ठेवणे सरावाने साधते. पण दिसते ते आणि असते ते यांत अंतर आहे, हे ध्यानात ठेवून त्या अंतराचे माप घेणे, ही खरी नेमबाजी. उद्या त्या रस्त्यावर पुन्हा पाणी दिसेल, तेव्हा हसून पुढे जाऊ नका. क्षणभर थांबून वारा कुठून वाहतो आहे, ते त्यालाच विचारा.