तुम्हांला काय मिळाले असते, पाहा!

रविवारची सायंकाळ आहे. इंग्लंडमधील एका दूरचित्रवाणी-केंद्रात दोन स्पर्धक उभे आहेत. त्यांचा शेवटचा बाण फेकून झाला आहे आणि गुणांची बेरीज हवी तेवढी भरलेली नाही. तासाभरापूर्वी जिंकलेला संगीतसंच गेला, छोटा दूरचित्रवाणी संच गेला, स्वयंपाकघरातील उपकरणे गेली. सूत्रधार त्यांच्या खांद्यावर हात ठेवतो आणि मोठ्या आपुलकीने म्हणतो, ‘या, तुम्हांला काय मिळाले असते, पाहा!’ पडदा सरकतो. आत झगझगीत दिव्यांखाली एक वेगवान मोटरबोट उभी असते. हरलेले दोघे हसतात, टाळ्या वाजवतात आणि कार्यक्रम संपतो.

या कार्यक्रमाचे नाव ‘बुल्सआय’. 1981 ते 1995 या काळात ब्रिटनच्या आयटीव्ही या व्यापारी दूरचित्रवाणीवर तो चालला. बुल्सआय म्हणजे लक्ष्याचा मध्यबिंदू. त्यातील ‘बुल’ या शब्दावर कोटी करून कार्यक्रमाचे बोधचिन्ह म्हणून एक गलेलठ्ठ बैल निवडला होता. तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांचा सदरा घातलेल्या या बैलाचे नाव बुली. सूत्रधार जिम बोवेन हे पूर्वाश्रमीचे शिक्षक. शाळा सोडून ते विनोदी नकलाकार झाले आणि तेथून या कार्यक्रमात आले. सफाईदार बोलणे हा त्यांचा गुण नव्हता. ते अडखळत, पुढचा प्रश्न विसरत, स्पर्धकाचे उत्तर नीट न ऐकताच ‘छान, छान’ म्हणून पुढे सरकत. परंतु याच गबाळेपणामुळे कारखान्यातून किंवा खाणीतून आलेला मनुष्य त्यांच्यापुढे बुजत नसे. बोवेन 2018 साली वारले.

खेळ मुळात सार्वजनिक मद्यगृहातला. गोल फळ्याचे वीस पाचरींसारखे भाग पाडलेले असतात आणि त्यांवर पोलादी टोकाचे लहान बाण हाताने फेकायचे. ब्रिटनमधील श्रमिकांच्या वस्तीत हा खेळ येत नाही असा पुरुष विरळा. कार्यक्रमात स्पर्धकांच्या तीन जोड्या असत. प्रत्येक जोडीतील एक जण बाण फेकणारा, दुसरा प्रश्नांची उत्तरे देणारा. एकाचा हात आणि दुसऱ्याचे डोके अशी ही भागीदारी. जिंकलेल्या जोडीला पुढे बक्षिसांच्या फळ्यावर नऊ बाण मिळत. तांबड्या पट्टीत बाण लागला तर वस्तू मिळे, काळ्यात लागला तर काहीच नाही. मात्र एकाच तांबड्या पट्टीत दोनदा बाण लागला, तर मिळालेली वस्तूही परत जाई. आणि अखेरीस खरा जुगार. मिळवलेल्या वस्तू घेऊन घरी जा, नाहीतर त्या सर्व पणाला लावून पडद्याआडच्या मोठ्या बक्षिसासाठी सहा बाण फेका. गुण हवेत एकशे एक. सहापैकी तीन बाण तरबेज खेळाडूचे, आणि उरलेले तीन ज्याने कदाचित आयुष्यात कधी बाण हाती धरला नसेल अशा त्याच्या जोडीदाराचे! सारी मेख येथे होती. तरबेज माणूस तीन बाणांत साठ गुण सहज करी. पण जोडीदाराचा एखादा बाण फळ्याच्या कडेला लागून खाली पडला की गणित कोसळे. मित्राच्या, मेहुण्याच्या किंवा बायकोच्या चुकीमुळे मोटरबोट गेली, आणि तरीही कोट्यवधी लोकांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारायची, या प्रसंगात माणसाचा चेहरा जे बोले ते कोणत्याही नाटककाराला लिहिता आले नसते.

त्या मोटरबोटीविषयी ब्रिटनमध्ये आजही थट्टा चालते. समुद्रापासून दूर, सरकारी चाळवजा घरात राहणाऱ्या दोन कामगारांनी एक बोट जिंकली तर ती ठेवायची कोठे, आणि दोघांत वाटायची कशी? पण या थट्टेमागे एक शासकीय नियमही आहे. 1954 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये व्यापारी दूरचित्रवाणीला परवानगी मिळाली, ती मोठ्या संशयाने. जाहिरातदारांचा पैसा घरात शिरला की लोकांची अभिरुची बिघडेल, ही भीती पार्लमेंटात बोलून दाखवण्यात आली होती. म्हणून नियामक मंडळ नेमले गेले, आणि त्या मंडळाने खेळांतील बक्षिसांच्या किमतीवरही मर्यादा घातली. ती 1990 नंतरच्या काही वर्षांत उठली. तोवर निर्मात्यांना ठरलेल्या रकमेत डोळे दिपवील अशी वस्तू शोधावी लागे. पडद्यावर बोट झळाळते, तेवढ्याच पैशांची नोटांची थप्पी झळाळत नाही. नियम सद्हेतूने केलेला होता. त्याचे फळ मात्र काही कुटुंबांच्या अंगणात ताडपत्रीखाली उभे राहिले.

कार्यक्रम बंद पडल्यावरही त्याचे जुने भाग ‘चॅलेंज’ नावाच्या वाहिनीने वर्षानुवर्षे पुन्हा दाखवले, आणि लोकांनी ते पुन्हा पाहिले. 2024 च्या नाताळात आयटीव्हीने त्याचे पुनरुज्जीवनही केले. या वेळी सूत्रधार झाला तो क्रिकेटपटू अँड्र्यू फ्लिंटॉफ. 2002 साली वानखेडे मैदानावर श्रीनाथचा त्रिफळा उडवून, अंगातला सदरा काढून जो धावत सुटला होता, तोच हा. लॉर्ड्सच्या सज्जातून गांगुलीने त्याची पुढे सव्याज परतफेड केली, हे मराठी श्रोत्यांना सांगायला नको.

तथापि नव्या कार्यक्रमापेक्षा जुन्याचे पुनर्दर्शन अधिक विचार करायला लावते. खेळाचा निकाल तर केव्हाच लागलेला आहे. प्रश्नांतील चालू घडामोडी शिळ्या झाल्या आहेत. ज्या वस्तूंसाठी स्पर्धकांचा श्वास अडकत होता, त्यांपैकी पुष्कळ आज भंगारवालाही घेणार नाही. मग पाहायचे काय? पाहणाऱ्याची नजर हळूहळू मध्यभागातून कडेकडे सरकू लागते. माणसांचे केस, हाताने विणलेले स्वेटर, बोलण्यातले प्रांतोप्रांतीचे हेल, ‘काय काम करता?’ या साध्या प्रश्नाला उत्तर देताना किंचित थबकणे. 1982 च्या आरंभी ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या तीस लाखांपलीकडे गेली होती. खाणी आणि पोलादाचे कारखाने बंद पडत होते. खेळाच्या कार्यक्रमाने या गोष्टींची दखल घेण्याचे कारण नव्हते, आणि त्याने ती घेतलीही नाही. पण छायायंत्राला निवड करता येत नाही. पुढ्यात आलेले सगळेच ते टिपून ठेवते. त्या दशकातील सामान्य ब्रिटिश कामगार कसा उभा राहत होता, कसा हसत होता आणि हरल्यावर काय करत होता, हे जाणून घेण्यासाठी पुढील काळातील अभ्यासकाला गंभीर चर्चांच्या कार्यक्रमांपेक्षा या बैलाच्या खेळाकडेच वळावे लागेल.

अर्थात फिती शिल्लक असतील तर. ब्रिटनमधील दूरचित्रवाणीच्या पहिल्या दोन-तीन दशकांत फीत महाग होती, आणि पुसून तिच्यावर पुन्हा मुद्रण करता येत असे. कलाकारांच्या संघटनेशी झालेल्या करारांमुळे जुने कार्यक्रम पुन्हा दाखवण्यावर बंधने होती. जे दाखवता येत नाही ते साठवायचे कशाला, असा व्यवहारी हिशेब करून बीबीसीने 1970 नंतरही काही वर्षे फिती पुसल्या. ‘डॉक्टर हू’ या लोकप्रिय मालिकेचे नव्वदांहून अधिक भाग अशा रीतीने गेले. 1969 साली मानव चंद्रावर उतरला, त्या रात्रीचे बीबीसीचे स्वतःचे प्रक्षेपणही उरले नाही. ज्या अधिकाऱ्यांनी हे केले ते आडमुठे नव्हते. अंदाजपत्रक त्यांच्यापुढे होते आणि कपाटे भरलेली होती. कोणत्याही कचेरीत दप्तर नष्ट करण्याच्या यादीवर सही करणारा मनुष्य याच मनःस्थितीत असतो. क्षुल्लक कागद आधी जातो; आणि क्षुल्लक कोणता, हे त्या दिवशीच्या शहाणपणावर ठरते. ‘बुल्सआय’ सुरू होईपर्यंत हे धोरण बहुतांशी बदलले होते, म्हणून त्याच्या फिती वाचल्या.

वाचलेल्या त्या फितींपैकी एकीची हकीकत आता सांगायची आहे.

वेल्सच्या नैर्ऋत्य टोकाला पेम्ब्रोकशायर नावाचा परगणा आहे. सागरकड्यांवरून जाणाऱ्या तेथील लांबच लांब पाऊलवाटेसाठी तो प्रसिद्ध आहे. 1985 च्या डिसेंबरात, नाताळ तीन दिवसांवर आलेला असताना, मिलफर्ड हेवन गावाजवळच्या एका एकाकी वाड्यात राहणाऱ्या प्रौढ भाऊ-बहिणीचा बंदुकीने खून झाला आणि वाडा पेटवून देण्यात आला. पुढे 1989 च्या जूनअखेरीस, सुटीसाठी ऑक्सफर्डशायरहून आलेले एक पती-पत्नी सागरकड्यावरील त्याच पाऊलवाटेवर तसेच मारले गेले. खुन्याने त्यांचे बँकेचे कार्ड वापरून ठिकठिकाणच्या यंत्रांतून पैसे काढले होते. अशा एका यंत्रापाशी उभा असलेला एक मनुष्य कोणाच्या तरी नजरेस पडला. त्या वर्णनावरून पोलिसांच्या चित्रकाराने रेखाचित्र काढले. विस्कटलेले लांब केस, अंगात अर्धी विजार. ते चित्र वर्तमानपत्रांतून सर्वत्र गेले. मनुष्य सापडला नाही.

2006 साली पोलिसांनी हे जुने प्रकरण पुन्हा उघडले. स्टीव्ह विल्किन्स हे तपासाचे प्रमुख होते. त्यांचा संशय जॉन कूपर या इसमावर होता. कूपर 1998 पासून घरफोड्या आणि दरोड्याबद्दल शिक्षा भोगत होता. परंतु 1989 च्या उन्हाळ्यात तो कसा दिसत होता? तपासात एक अनपेक्षित गोष्ट पुढे आली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, म्हणजे पाऊलवाटेवरील खुनांच्या सुमारे महिनाभर आधी, कूपर ‘बुल्सआय’मध्ये स्पर्धक म्हणून सहभागी झाला होता. आयटीव्हीच्या संग्रहातून फीत शोधून काढण्यात आली. त्यात तो होता. जिम बोवेन यांच्याशी गप्पा मारणारा, प्रेक्षकांच्या टाळ्यांत उभा असलेला. एका क्षणी तो बाजूला वळतो. ते दृश्य गोठवून रेखाचित्राशेजारी ठेवले, तेव्हा दोन्हींतील साम्य पाहून तपास करणारे चकित झाले.

येथे एक खुलासा आवश्यक आहे, कारण वृत्तपत्रांनी पुढे या माणसाला ‘बुल्सआयचा खुनी’ असे चटकदार नाव दिले, आणि जणू खेळाच्या फितीनेच त्याला फाशी दिली अशी समजूत पसरली. ब्रिटनमध्ये खुनासाठी फाशीची शिक्षा कधीच रद्द झाली आहे. आणि चेहरेपट्टीच्या साम्यावर कोणालाही दोषी ठरवता येत नाही, ठरवूही नये. खरा पुरावा निघाला तो रक्ताचा. आखूड केलेल्या बंदुकीच्या नळीवर काळा रंग दिलेला होता. त्या रंगाखाली, तसेच एका अर्ध्या विजारीवर, मृत पतीच्या रक्ताचे अंश शास्त्रज्ञांना सापडले. फितीचे काम दुय्यम, पण महत्त्वाचे. वीस वर्षांनी पकडलेला, वयाने पालटलेला मनुष्य त्या उन्हाळ्यात कसा होता, हे सांगणारा निःपक्षपाती साक्षीदार दुसरा नव्हता. स्वॉन्झी येथील न्यायालयात ज्यूरीला ती फीत दाखवण्यात आली. 26 मे 2011 रोजी चारही खुनांसाठी कूपर दोषी ठरला आणि त्याला आजन्म कारावासाची शिक्षा झाली.

1989 साली ज्यांनी तो भाग घरी बसून पाहिला, त्यांनी पाहिला तो केवळ एक स्पर्धक. नाव, गाव, दोन विनोद, काही बाण. पाहणाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात काही आले नाही, आणि येण्याचे कारणही नव्हते. भाग मुद्रित झाला तेव्हा वाड्यातील भाऊ-बहिणीला जाऊन तीन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. ते पती-पत्नी अजून हयात होते आणि कदाचित सुटीचे बेत आखत होते. आज तीच फीत पाहणाऱ्याला एकशे एक गुणांची किंवा पडद्याआडच्या बक्षिसाची आठवणही राहत नाही. त्याचे डोळे एकाच माणसावर खिळतात. पण त्याच फितीत इतर माणसेही आहेत. शेजारी उभा असलेला जोडीदार आहे, दुसऱ्या दोन जोड्या आहेत, समोर टाळ्या वाजवणारे प्रेक्षक आहेत आणि प्रत्येकाशी सारख्याच आपुलकीने बोलणारे बोवेन आहेत. या खेळासाठी त्यांनी चांगले कपडे घातले आहेत, आणि पुढचा बाण कोठे लागतो याकडे ते सगळे मान उंचावून पाहत आहेत.